ट्रकच्या इंडिकेटरला एलईडी बल्ब लावल्यावर येणारे बिघाड कसे शोधायचे

इंडिकेटरचा जुना बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवणं हे पाच मिनिटांचं काम वाटतं. बल्ब बसतोही नीट. मग स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी खाली केली की टिकटिक दुप्पट वेगाने सुरू होते, नाहीतर दिवा लागतो आणि लागूनच राहतो, नाहीतर चारही कोपरे एकदम लुकलुकायला लागतात. बल्बच खराब निघाला असं समजून माणूस दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणतो आणि पुन्हा तेच घडतं.

या तक्रारी वरवर वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांचं मूळ एक आहे: एलईडी फार कमी करंट ओढतो. १२ व्होल्टवर २१ वॅटचा फिलामेंट बल्ब साधारण १.७५ अँपिअर घेतो. त्याच जागी बसणारा ३ वॅटचा एलईडी ०.२५ अँपिअरवर भागवतो. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन्ही आकडे निम्मे होतात, पण त्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं. आणि गाडीचा फ्लॅशर (इंडिकेटरला लुकलुकवणारा भाग), डॅशबोर्डवरचा बाणाचा दिवा, बल्ब गेला की नाही हे तपासणारं कंट्रोल युनिट, हे सगळं जुन्या बल्बचा करंट गृहीत धरून बनवलेलं असतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न मनात ठेवा: करंट कमी झाल्यामुळे आता कोण चकतंय?

हाताशी काय हवं

मल्टीमीटर हवा. एक टेस्ट लॅम्प हवा, आणि तो २१ वॅटच्या फिलामेंट बल्बचा असावा, कारण तो वायरीवर खरा लोड टाकतो, म्हणजे खऱ्या बल्बइतका करंट ओढतो. होल्डरमध्ये बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, एवढंच त्याचं रूप. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे एका तारेवर लटकलेली, आतून कुजलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. टेस्ट लॅम्प अशा वायरीवर मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं.

बाकी बारीक पॉलिशपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, क्रिम्प करायचे लग्स, उष्णतेने आकसणारी नळी, डायलेक्ट्रिक ग्रीस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काढलेले जुने बल्ब. ते टाकून देऊ नका, पुढचा अर्धा शोध त्यांच्यावरच चालणार आहे.

चाकांना ओट लावा, हँडब्रेक ओढा. वायर कापायची किंवा जोड मारायचा असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. टेस्ट लॅम्प फक्त दिव्यांच्या वायरींवर वापरा. एकमेकींभोवती पिळलेल्या पातळ वायरींची जोडी दिसली, तर ती बहुधा कंट्रोल युनिटांमधल्या संवादाची असते, तिला टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका.

पायरी १: एका बाजूला जुने बल्ब परत लावा

समजा डावी बाजू बिघडली आहे. डावीकडचे सगळे एलईडी काढा, म्हणजे पुढचा, मागचा आणि बाजूच्या पॅनेलवर असेल तर तोही. त्या जागी जुने फिलामेंटचे बल्ब लावून दांडी खाली करा.

सगळं सुरळीत चाललं तर वायरिंग ठीक आहे आणि अडचण कमी लोडची किंवा एलईडी बल्बची आहे. मग एकेक कोपरा एलईडीवर न्या आणि प्रत्येक वेळी दांडी खाली करून बघा. कोणत्या बल्बला गडबड सुरू होते ते लिहून ठेवा. एका बाजूला एकच एलईडी असताना गाडी नीट चालते आणि दुसरा लावला की बिघडते, असं झालं तर फ्लॅशर लोड मोजतोय हे जवळपास नक्की.

जुने बल्ब लावूनही दिवा मंद राहिला, वेग चुकला किंवा दुसराच दिवा सोबत लुकलुकला, तर बिघाड एलईडीच्या आधीपासून गाडीत होता. ही शक्यता लोक सहसा विचारातच घेत नाहीत.

त्याचं कारण एका हिशोबातून दिसतं. मागच्या दिव्याच्या अर्थिंगच्या जोडाला गंज धरला आणि तिथे २ ओहमचा अडथळा तयार झाला असं धरा. तापलेल्या २१ वॅटच्या बल्बचा स्वतःचा अडथळा ७ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे १२ व्होल्टपैकी अडीच-तीन व्होल्ट त्या गंजावरच खर्च होतात, बल्ब पिवळट आणि मंद दिसतो, ड्रायव्हरला शंका येते. तिथेच ०.२५ अँपिअर घेणारा एलईडी लावला की गंजावर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो. एलईडी लख्ख पेटतो. म्हणून एलईडी पेटला याचा अर्थ वायरिंग चांगलं आहे असा होत नाही. तो जोड आणखी कुजत राहील आणि एखाद्या पावसात पूर्ण तुटेल. शिवाय त्याच अर्थिंगवर ब्रेकचा आणि टेलचा दिवा असेल तर तेही सोबत जातील.

म्हणून जुना बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते, मोजा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या अर्थिंगवर. दिवा पेटलेला असताना आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, लग बदला, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजता येते. फ्लॅशरच्या आउटपुटपासून होल्डरच्या मधल्या कॉन्टॅक्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू नये.

लुकलुकत्या दिव्यावर मीटरचा आकडा स्थिर राहत नाही. फ्लॅशर वेगळा बसवलेला असेल तर तो काढा आणि त्याच्या होल्डरमधले इनपुट आणि आउटपुट हे दोन कॉन्टॅक्ट फ्यूज असलेल्या वायरीने जोडा. दिवा सलग पेटून राहतो आणि निवांत मोजता येतं. काम झालं की ती वायर आठवणीने काढा.

पायरी २: बल्ब मुळात त्या जागेचा आहे का

पहिल्यांदा व्होल्टेज. अवजड ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात आणि इंजिन चालू असताना तिथे २८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. फक्त १२ व्होल्ट असं छापलेला एलईडी तिथे लवकर जळतो. २४ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टवर मंद पेटतो किंवा पेटतच नाही. दोन्ही चालतील असा १० ते ३० व्होल्टचा बल्ब मिळतो, ट्रकसाठी मी तोच सुचवेन.

मग कॅप, म्हणजे होल्डरमध्ये बसणारं बल्बचं बूड. १५ मिलिमीटरच्या पिनवाल्या कॅपमध्ये तीन प्रकार जवळजवळ सारखे दिसतात. पी२१डब्ल्यू, म्हणजेच ११५६, याच्या दोन पिना बरोबर समोरासमोर असतात. पिवळ्या पीवाय२१डब्ल्यूच्या पिना १५० अंशांवर असतात. पी२१/५डब्ल्यू या दोन फिलामेंटच्या बल्बच्या पिना समोरासमोर असल्या तरी एक वर आणि एक खाली असते आणि बुडाला दोन कॉन्टॅक्ट असतात. जोर लावून चुकीचा बल्ब फिरवला की होल्डरची खाच वाकते. मग बरोबर बल्बही सैल बसतो.

चपट्या बुडाच्या बल्बमध्ये दोन गोष्टी बघा. फिलामेंटला प्लस-मायनस उलटे झाले तरी चालतं, एलईडीला ते बहुधा चालत नाही. म्हणून चपटा एलईडी पेटला नाही तर काढून अर्धा वळसा फिरवून परत लावा. दुसरं म्हणजे ३१५७ या आकारात दोन प्रकारची जोडणी येते, साधी आणि सीके. बाहेरून बल्ब एकसारखे दिसतात, पण अर्थिंगच्या पट्ट्यांची जागा वेगळी असते. चुकीचा लावला तर पार्किंग लाइट चालू करताच फ्यूज उडू शकतो. बल्ब लावल्या लावल्या फ्यूज जायला लागला तर संशयाची पहिली जागा हीच.

रंगही तपासा. पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी आणि लाल काचेमागे लालच. फिलामेंटच्या प्रकाशात पिवळा-लाल भाग भरपूर असतो, तो काचेतून पार होतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात तो भाग कमी, म्हणून काच बराचसा प्रकाश अडवते आणि दिवसा इंडिकेटर फिकट, धुवून निघाल्यासारखा दिसतो.

शिवाय रिफ्लेक्टर बनवलेला असतो तो फिलामेंटच्या एका ठरावीक बिंदूसाठी. फक्त टोकावर चिप असलेला एलईडी समोरून डोळ्यांत खुपतो आणि बाजूने दिसतच नाही. चहूबाजूंनी चिप असलेला आणि चिपचा पट्टा जुन्या फिलामेंटच्या उंचीवर येणारा बल्ब घ्या. जुना आणि नवा शेजारी धरून बघा, लगेच कळतं.

पायरी ३: दिवा लागतच नाही

एलईडी बल्ब ओहमवर तपासून काही कळत नाही. फिलामेंट बल्ब थंड असताना मीटर एका ओहमच्या आसपासचा आकडा दाखवतो आणि तो चांगला आहे हे समजतं. एलईडीवर मीटर उघडं सर्किट किंवा भलताच आकडा दाखवेल, तरी बल्ब चांगला असू शकतो. एलईडीची खरी चाचणी म्हणजे योग्य व्होल्टेजच्या बॅटरीवर फ्यूज असलेल्या वायरीने थेट लावून बघणं. मधला कॉन्टॅक्ट प्लसला, कॅपची धातूची कडा मायनसला.

थेट लावल्यावर पेटला आणि होल्डरमध्ये पेटत नसेल तर होल्डरकडे वळा. एलईडीच्या बुडाचा डाखाचा ठिपका बऱ्याचदा जुन्या बल्बपेक्षा आखूड असतो. वर्षानुवर्षं तापून होल्डरची स्प्रिंग बसलेली असली की दोघांची भेटच होत नाही. बॅटरी काढून स्प्रिंग हलक्या हाताने वर घ्या, हिरवट-पांढरा बुरा खरवडा. होल्डरचं प्लॅस्टिक वितळून वाकलेलं दिसलं तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, होल्डर बदला.

बल्बचे काही भाग पेटतात आणि काही नाही, तर बल्ब गेला. १२ व्होल्टच्या बल्बमध्ये चिप सहसा तीन-तीनच्या साखळीत असतात. एक चिप गेली की तिची पूर्ण साखळी विझते.

थंड असताना चालतो आणि तापल्यावर मंद होतो, ही तक्रार बहुधा बल्बच्या आतल्या ड्रायव्हर सर्किटची असते. खड्ड्यात चालतो-बंद होतो, ही सैल बैठकीची. जड उष्णताशोषक लावलेले एलईडी ट्रकच्या हादऱ्यांनी होल्डर झिजवतात. दिवा चालू ठेवून काचेवर बोटाने टकटक करा. प्रकाश थरथरला तर बैठक सैल आहे.

पायरी ४: भरभर लुकलुकतो किंवा लागून राहतो

इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत हा आकडा ९० आणि त्यात ३० कमी-जास्त असा आहे. घड्याळ लावून मोजा, अंदाजावर जाऊ नका.

वेग दुप्पट झाला असेल तर फ्लॅशर त्याचं काम चोख करतोय. करंट घटला म्हणजे एक बल्ब गेला, असं त्याला शिकवलेलं आहे आणि तेच तो वेग वाढवून सांगतोय. दिवा लागून राहतो, लुकलुकतच नाही किंवा फारच संथ लुकलुकतो, तर गाडीत जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशर असण्याची शक्यता मोठी. त्याच्या आतली धातूची पट्टी करंटने तापते, वाकते आणि सर्किट तोडते. एलईडीच्या करंटने ती पुरेशी तापतच नाही.

उपाय तीन आहेत आणि मी ते याच क्रमाने करायला सांगेन: फ्लॅशर बदलणं, कंट्रोल युनिटमधली सेटिंग बदलणं, आणि हे दोन्ही शक्य नसेल तर रेझिस्टर.

*फ्लॅशर बदलणं.* हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा आणि टिकटिक कुठून येते ते ऐका. डॅशबोर्डखाली किंवा फ्यूजबॉक्समध्ये हाताला ठोके जाणवणारा रिले म्हणजे फ्लॅशर. आवाज स्पीकरमधून येत असेल आणि कुठलाच रिले ठोके देत नसेल, तर फ्लॅशरचं काम कंट्रोल युनिट करतंय. त्यासाठी पुढचा उपाय वाचा.

लोडवर अवलंबून नसलेला एलईडी फ्लॅशर घ्या. व्होल्टेज आणि पिनांची मांडणी जुन्याशी जुळायला हवी. ४९ म्हणजे येणारा पुरवठा, ४९ए म्हणजे दांडीकडे जाणारा आउटपुट, ३१ म्हणजे अर्थिंग, आणि सी म्हणजे डॅशबोर्डचा दिवा. दुसऱ्या पद्धतीत पुरवठा बी, आउटपुट एल आणि अर्थिंग ई असतं. जुना फ्लॅशर दोन पिनांचा असेल तर नव्याला अर्थिंगची वेगळी वायर लागते. ती स्वच्छ धातूवर बोल्टने आवळा. दोन पिनांच्या जुन्या फ्लॅशरला कोणती वायर कुठे आहे याचा फरक पडत नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला पडतो. नवा लावून काहीच होत नसेल तर किल्ली चालू ठेवून टेस्ट लॅम्पने होल्डरमधला पुरवठ्याचा कॉन्टॅक्ट शोधा. तो नव्याच्या आउटपुट पिनेवर येत असेल तर होल्डरमधल्या दोन वायरींची अदलाबदल करा.

ट्रेलर ओढणारा ट्रक असेल तर फ्लॅशरवर लिहिलेली बल्बांची संख्या आणि वॅट वाचून घ्या. ट्रेलरवर फिलामेंट बल्ब असतील तर तेवढा करंट त्या फ्लॅशरला झेपला पाहिजे. आणि एक गोष्ट कळून-सवरून स्वीकारा: लोडवर अवलंबून नसलेला फ्लॅशर लावला की बल्ब गेल्याची सूचना मिळणं बंद होतं. आता ते काम तुमच्या डोळ्यांना करायचं आहे, रोज निघण्याआधी, गाडीभोवती फिरून.

*कंट्रोल युनिट.* इथे बदलण्याजोगा रिले नाही. काही ट्रकांत निदानयंत्र जोडून इंडिकेटरच्या बल्बचा प्रकार एलईडी असा नोंदवता येतो. तसं असेल तर यापेक्षा स्वच्छ उपाय नाही. नसेल तर कॅनबस (कंट्रोल युनिटांमधल्या संवादाच्या जाळ्याचं नाव) असं छापलेले बल्ब मिळतात. त्यांच्या आत रेझिस्टर असतो, म्हणजे उष्णता बंद दिव्याच्या पोटात, चिपच्या शेजारीच तयार होते. दीर्घ वापरात मला हे बल्ब भरवशाचे वाटत नाहीत.

पेटलेल्या काळातच प्रकाश बारीक थरथरत असेल, तर युनिट बल्बला सलग व्होल्टेज न देता झपाट्याने चालू-बंद होणारे पल्स देतंय. जाड फिलामेंटला ते जाणवत नाहीत, एलईडी प्रत्येक पल्सबरोबर विझतो. यावर पल्समधली खाच भरून काढणारा, कपॅसिटर असलेला डीकोडर लागतो, रेझिस्टरने ते सुटेलच असं नाही.

*रेझिस्टर.* हा एलईडीला समांतर जोडतात, म्हणजे एक टोक इंडिकेटरच्या वायरीवर आणि दुसरं अर्थिंगवर. जुन्या बल्बइतका करंट हा खेचतो, फ्लॅशर समाधानी होतो. १२ व्होल्टला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर वापरतात. १४ व्होल्टवर तो २.३ अँपिअर घेतो आणि पेटलेल्या क्षणी सुमारे ३३ वॅट उष्णता टाकतो.

हाच रेझिस्टर २४ व्होल्टच्या ट्रकला लावू नका. २८ व्होल्टवर तो ४.७ अँपिअर घेईल आणि १३० वॅट टाकेल, त्याच्या क्षमतेच्या अडीचपटीहून जास्त. २४ व्होल्टला २५ ते २७ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर लागतो. पाकिटावर फक्त एलईडी रेझिस्टर असं लिहिलेलं असलं तर ओहमचा आकडा कळल्याशिवाय गाडीला लावू नका.

योग्य आकड्याचा रेझिस्टरही हॅझर्ड बराच वेळ चालू राहिला तर हात भाजेल इतका तापतो. गाडी बंद पडून रस्त्याकडेला उभी असते तेव्हा हॅझर्ड तासभरही चालतात, म्हणजे रेझिस्टर सगळ्यात जास्त तापतो तो नेमका तेव्हाच. म्हणून तो चासीच्या किंवा पत्र्याच्या उघड्या धातूवर स्क्रूने घट्ट बसवा. दुहेरी टेप नको, प्लॅस्टिकचा बंपर नको, दिव्याच्या पाठीवर नको, वायरींच्या जुडग्याजवळ नको, इंधनाच्या नळीजवळ तर मुळीच नको. जोड दाबून बसवायच्या क्लिपने करू नका, तिच्या पात्याने कापलेल्या जागी पाणी शिरतं. क्रिम्प किंवा डाख, आणि वरून आकसणारी नळी.

दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये तीन वायरी येतात. रेझिस्टर इंडिकेटरच्याच वायरीवर गेला पाहिजे. पार्किंगच्या वायरीवर गेला तर तो रात्रभर न थांबता तापेल आणि आग लागू शकते. टेस्ट लॅम्प लावून जी वायर लुकलुकते तीच पकडा. बऱ्याच गाड्यांना एका बाजूला एक रेझिस्टर पुरतो. आधी एक लावून वेग मोजा, गरज असेल तरच दुसरा.

पायरी ५: एका बाजूची दांडी, पण चारही कोपरे लुकलुकतात

डॅशबोर्डवर दोन बाणांसाठी एकच दिवा असलेल्या जुन्या गाड्यांत हे हमखास होतं. तो दिवा डाव्या आणि उजव्या सर्किटच्या मधे जोडलेला असतो. डावीकडे करंट आला की तो त्या दिव्यातून उजवीकडच्या बल्बमार्गे अर्थिंगला जातो. इतक्या कमी करंटने फिलामेंट पेटत नाही, म्हणून पूर्वी काही दिसत नव्हतं. एलईडीला तो पुरतो.

खात्री करायला डॅशबोर्डचा तो दिवा काढा. चारही कोपरे लुकलुकणं थांबलं तर निदान पक्कं. उपाय दोन डायोड. दिव्याला येणाऱ्या डाव्या-उजव्या दोन वायरी सोडवा, प्रत्येकीला १एन४००७ डायोड असा लावा की त्याची पट्टी दिव्याकडे राहील. दोन्ही पट्टीकडची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका कॉन्टॅक्टला द्या आणि दुसरा कॉन्टॅक्ट थेट अर्थिंगला. आता दोन्हीकडून दिव्यात करंट येतो, पण पलीकडे जात नाही.

दिवा काढूनही चारही लुकलुकत राहिले तर हॅझर्डचं बटण आतून चिकटलं आहे का ते बघा.

पायरी ६: बंद असताना मिणमिणतो, पार्किंगबरोबर बिघडतो

किल्ली बंद, तरी एलईडी अंधारात मंद चमकतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमधून किंवा ओलसर स्विचमधून झिरपणारा करंट याला कारणीभूत असतो. ठरावीक अंतराने क्षणभर चमकत असेल तर कंट्रोल युनिट बल्ब शाबूत आहे का ते पल्स पाठवून तपासतंय. इथे मोठ्या रेझिस्टरची गरज नाही. १२ व्होल्टला १,००० ओहम अर्धा वॅट, २४ व्होल्टला २,२०० ओहम एक वॅट, एवढा छोटा रेझिस्टर एलईडीला समांतर लावला की झिरपा बहुधा त्यातून निघून जातो.

पार्किंग लावल्यावर इंडिकेटर दिसेनासा होत असेल तर आधी अर्थिंग. एका दिव्याच्या अर्थिंगला वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या फिलामेंटमधून किंवा चिपमधून उलटा जातो आणि पार्किंग आणि इंडिकेटर एकमेकांत मिसळतात. अर्थिंग ठीक असेल तर बल्बच्या मंद आणि तेज प्रकाशात पुरेसा फरकच नाही. फिलामेंटमध्ये ५ वॅट आणि २१ वॅट असा ठळक फरक होता. असा बल्ब बदला, त्याला दुरुस्ती नाही.

मागचा एकच लाल दिवा ब्रेक आणि इंडिकेटर अशी दोन्ही कामं करत असेल, तर आणखी एक जागा बघून ठेवा. काही जुन्या गाड्यांत क्रूझ कंट्रोलला ब्रेकच्या फिलामेंटमधून अर्थिंग मिळत असतं. एलईडी लावल्यावर क्रूझ लागतच नाही, आणि दोष मात्र क्रूझमध्ये शोधला जातो.

पायरी ७: ट्रेलर

ट्रक एकटा असताना नीट आणि ट्रेलर जोडला की बिघाड, तर प्लग उघडा. हिरवा झालेला अर्थिंगचा पिन ही सगळ्यात नेहमीची जागा. ट्रेलरचं अर्थिंग कपलिंगच्या लोखंडातून मिळेल या भरवशावर राहू नका, ग्रीसमधून ते कधी मिळतं, कधी नाही. ट्रेलरवर एलईडी असले तर डॅशबोर्डचा ट्रेलर-इंडिकेटरचा दिवा लागत नाही, कारण तोही लोड मोजूनच लागतो. मागे जाऊन ट्रेलरचे दिवे खरोखर लुकलुकत असतील तर तो बिघाड मानू नका.

सोपवण्याआधी

अनेक देशांत फिलामेंट बल्बसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालायला परवानगी नसते. तुमच्याकडचा नियम आधी बघा. परवानगी नसेल, किंवा वरचं सगळं करूनही दिवा दिवसाउजेडी नीट दिसत नसेल, तर एलईडीसाठीच बनवलेला आणि मंजुरीचा शिक्का असलेला सीलबंद पूर्ण दिवा बसवा. त्याला फ्लॅशर जुळवावा लागेल, पण रिफ्लेक्टरचा आणि होल्डरचा प्रश्न मिटतो.

शेवटची चाचणी इंजिन चालू ठेवून करा, म्हणजे पूर्ण व्होल्टेज मिळेल. हेडलाइट, पार्किंग, वायपर चालू, ब्रेक दाबलेला, आणि मग डावा, उजवा, हॅझर्ड. प्रत्येकाचा वेग मोजा. दुसऱ्या माणसाला भर उन्हात मागे आणि तिरकं उभं करून विचारा की इंडिकेटर ब्रेकच्या दिव्याशेजारी वेगळा ओळखू येतो का. हॅझर्ड अर्धा तास चालू ठेवून रेझिस्टरच्या आजूबाजूचं प्लॅस्टिक आणि वायरीचं आवरण बघा. पहिल्या लांब फेरीनंतर तेच पुन्हा बघा, आणि कुठे आवरण मऊ पडलेलं किंवा रंग बदललेलं दिसलं तर रेझिस्टर तिथून काढून मोकळ्या धातूवर हलवा.